गॅरेजसमोरचा डोंगर

बाबा,

गॅरेजचं दार उघडल्यावर ओरडू नका. झाडं तोडणारे लोक लाकडाच्या ढलप्या फुकट देतात, म्हणून मी नाव नोंदवलं होतं. आज सकाळी त्यांनी अख्खा ट्रक ओतला, तोही नेमका तुमच्या गाडीच्या वाटेत! काल जेवताना म्हणालात ना, "उद्या डुलुथला घरी परत निघतो, उगाच तुला अडचण नको"? आता हा ढीग उपसल्याशिवाय निघणं विसरा. मी बसने कामाला गेलेय.

जमलं तर मी साठवलेले पुठ्ठ्याचे खोके उलगडून मागच्या गवतावर अंथरा. चिकटपट्ट्या तेवढ्या सोला. मग पाणी मारून वर ढलप्या पसरा, म्हणजे खालचं गवत मरून फुकटात वाफा तयार. शेजारच्या ग्रेटाबाई दोन घमेली ढलप्यांच्या बदल्यात स्ट्रॉबेरीची रोपं देणार आहेत. तुम्ही इथेच राहायला आलात असं त्यांना वाटतंय. मी त्यांना तसंच वाटू दिलं.

स्वयंपाकघराच्या खिडकीखालची जागा मोकळी ठेवा. तुम्ही डिकीतल्या बादलीत आईच्या पिओनीच्या फुलझाडाचा गड्डा लपवून आणलाय, तो मी तुम्ही आलात त्याच दिवशी पाहिला. पिओनी नव्या जागी नीट फुलायला तीन वर्षं घेते, हे तुम्हीच सांगायचात.

तोवर वरची खोली तुमची.

रोझलिन