किनवट लाईनची खिडकी

माय, पुढच्या महिन्यात आम्ही किनवटच्या लाईननं जंगल बघायला चाललोय. कुठल्या गाडीनं जायचं, कुठल्या डब्यात, कुठल्या खिडकीशी बसायचं, सगळं मी ठरवलंय. आणि ते ठरवता ठरवता तुझी एक गोष्ट मला या वयात नव्यानं कळली, म्हणून लिहायला बसलो. पण आधी बेत सांगतो. मधूनच काही सांगायला लागलं की तू भाकरी थापता थापता म्हणायचीस, "शेंडा नको दाखवूस, बुडापासून सांग." तर बुडापासून सांगतो.

लातूरहून आदल्या दिवशी नांदेडला मुक्कामाला यायचं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मुदखेड, भोकर, हिमायतनगर, किनवट करत आदिलाबादला उतरायचं. तिथून जीप. पैनगंगा ओलांडली की तासाभरात टिपेश्वरचं अभयारण्य. त्या दिवशी फक्त जेवण आणि झोप, कारण दमलेल्या माणसाला समोर आलेला वाघसुद्धा बैल वाटतो. तिसऱ्या दिवशी सकाळी एक सफारी, दुपारी एक. चौथ्या दिवशी त्याच लाईननं परत, आणि तेही दिवसाउजेडी. अंधारात जंगलातून जायचं तर घरीच डोळे मिटून बसावं. सफारीच्या नोंदणीला जे ओळखपत्र दिलं तेच दारावर लागतं, म्हणून माझी, तुझ्या सुनेची आणि नातीची ओळखपत्रं आत्ताच एका पाकिटात घालून ठेवलीत. आठवड्यातून एक दिवस जंगल बंद असतं, तो वार मी दोन ठिकाणी विचारून पक्का केलाय. दोन्हीकडं एकच उत्तर आल्याशिवाय मी कुठलीच गोष्ट वहीत लिहीत नाही, हे तुला माहीतच आहे.

महिना ठरवायला सगळ्यांत जास्त डोकं लागलं. पावसाळ्यात अभयारण्य बंद. उघडल्या उघडल्या गेलं तर गवत कमरेइतकं, त्यात वाघ दहा हातांवर असला तरी दिसायचा नाही. उन्हाळ्यात वाघ पाणवठ्यावर हमखास येतो, पण तेव्हा साग नागडा झालेला असतो, मग लाईनवर बघायला उरलं काय? गाडी आणि जंगल दोन्ही साधायचं तर दिवाळीनंतरचा तिसरा आठवडा. हे सगळं मी तुझ्या सुनेला नीट समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे पानं बी अर्धी अन् वाघ बी अर्धा." वर आणखी म्हणाली, "शेजारचे काश्मीरला जायलेत. अन् तुम्ही आम्हाला किनवटला घेऊन चाललाव. कुणी इचारलं तर मी काय सांगू?" मी म्हणालो, "सांग, माझ्या सासूचं राहून गेलं होतं ते बघायला चाललोय." यावर तिनं काश्मीर सोडलं. यावर सगळेच वाद सोडतात. गेली कित्येक वर्षं मी हे वाक्य बोलत आलोय. माझी माय उभा जन्म लाईनवरच्या माणसांना जेवू घालत राहिली आणि त्या लाईनवरून एकदाही गेली नाही. सगळा बेत या एका वाक्यावर उभा होता, माय. तुझी राहिलेली सफर तुझ्या मुलानं करायची, आणि करायची तर एका मिनिटाचीही चूक न होता.

नांदेड स्टेशनातल्या रनिंग रूमचं ते स्वयंपाकघर मला अजून हातावर काढून दाखवता येईल. तीन शेगड्या, खिडकीखाली दगडी मोरी, भिंतीला टेकून ओळीनं ठेवलेल्या पत्र्याच्या पेट्या. गाडी घेऊन आलेले ड्रायव्हर, गार्ड तिथं विसाव्याला उतरायचे आणि आपापला शिधा तुझ्या हवाली करायचे. कुणाची फडक्यात बांधलेली डाळ, कुणाचं पीठ, कुणाची चिंच. मी शाळेतून येतोय, दप्तर अजून पाठीवरच आहे, आणि तुला मदत म्हणून दोन पुरचुंड्यांतलं ज्वारीचं पीठ एकाच परातीत ओततोय. तू हात धरतेस. मारत नाहीस, नुसता धरून ठेवतेस. "सारखं दिसलं म्हणून एकच झालं काय रे? एक माणूस बिलोलीकडून पीठ घेऊन आलाय, एक कुठून आलाय. ज्याचं त्याला गेलं पाहिजे." दोघांना काही कळलं नसतं, असं मी म्हणालो. "मला कळलंय की," तू म्हणालीस. मग ते एकत्र झालेलं पीठ बाजूला ठेवलंस, घरच्या डब्यातलं पीठ आणून दोघांच्या भाकरी वेगवेगळ्या केल्यास आणि झाला प्रकार दोघांनाही सांगितलास. पोटात भूक असलेली ती माणसं हसत राहिली, मी मात्र लाजेनं मोरीपाशी जाऊन उभा राहिलो.

आज मी लातूरच्या बाजारात आडत्यांचे आणि डाळमिलवाल्यांचे वजनकाटे दुरुस्त करतो. कुठल्या कॉलेजात गेलो नाही, कुणाच्या हाताखाली राहिलो नाही. पहिला इलेक्ट्रॉनिक काटा मी स्वतःच्या हिमतीवर उघडला, बिघडवला आणि चौथ्या दिवशी चालू केला. आता शिकून आलेली पोरं मला फोन करून विचारतात. पन्नास किलोच्या पोत्यामागं काटा वीस ग्रॅम खोटं बोलला तरी मी तो दुकानाबाहेर जाऊ देत नाही. मालक म्हणतात, "काका, एवढ्यानं काय बिघडतंय?" मी म्हणतो, "मला कळलंय की." हे वाक्य कुणाचं आहे ते त्यांना माहीत नाही.

आणि त्या लाईनच्या गोष्टी. किनवटकडून आलेला माणूस कधी रिकाम्या हातानं जेवायला बसला नाही. कुणाला रुळावर अस्वल बसलेलं दिसलं होतं, ते शिट्टी वाजवून वाजवून उठेना. एक ड्रायव्हर वाघाचीच गोष्ट सांगायचा आणि त्याचा वाघ दर फेरीला वीतभर लांब व्हायचा. तू वाढता वाढता म्हणालीस, "मामा, आता तुमच्या वाघाला जादा डबा जोडावा लागंल." तो स्वतःच सगळ्यांत जास्त हसला. पण नंतर तू हळूच विचारायचीस, झाडी कुठं सुरू होते, नदी कुठल्या अंगाला राहते, बोगदा हाय का. ते सांगायचे आणि तू मान हलवत राहायचीस. तुला ती लाईन न बघताच पाठ झाली होती, असं मी लोकांना सांगत आलो.

एकदा कुणीतरी विसरून गेलेलं वेळापत्रकाचं पुस्तक तू घरी आणलंस. मी तेरा वर्षांचा. वर्गात पहिला नंबर, गल्लीत सगळ्यांची पत्रं वाचून दाखवणारा. पदराला हात पुसून तू ते माझ्यासमोर ठेवलंस. "बघ रे, सकाळी किनवटला नेणारी अन् सांजच्या सैपाकाच्या आत परत आणणारी गाडी हाय का?" मी पुस्तक हातात घेतलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणालो, "तुला कुठं जायचंय?" पुस्तक उचललंस, पिठाच्या डब्याखाली सरकवलंस आणि कांदा चिरायला घेतलास. पुन्हा कधी विचारलं नाहीस. माझ्या बेताच्या बुडाशी हा दिवस आहे. तुझ्या सुनेला मी तो परवापर्यंत सांगितला नव्हता.

आता नवीन कळलेली गोष्ट सांगतो. खिडकीची बाजू पक्की करायची होती. नकाशा, सूर्य आणि गाडीची दिशा बघून मी डावी काढली होती, पण विचारावं तर दोन ठिकाणी. म्हणून नांदेडला, रनिंग रूमवर तुझ्या हातचं जेवलेल्या गार्डकाकांकडं गेलो. वय ऐंशीच्या पुढं, डोळ्यांना कमी दिसतं, पण बाजेवर ताठ बसलेले. रनिंग रूमच्या बाईचा मुलगा म्हटल्यावर म्हणाले, "कोण, काटेवाला? बस बेटा, बस."

मी विचारलं, "काका, किनवटला जाताना बसायला चांगली बाजू कुठली? माझ्या हिशेबानं डावी."

"हाव, डावीच. पैनगंगेच्या अंगाची. सकाळचं ऊन उजवीकडनं येतंय, डावीकडं सावली. अन् येताना उजवी, दिवाळीनंतर ऊन दिवसभर दक्षिणेच्याच अंगाला असतंय. म्हणजे बाजू तीच, आपण तेवढे फिरलेले."

माझा हिशेब बरोबर निघाला म्हणून मी खुशीत वही काढली, तेवढ्यात ते म्हणाले, "तुझ्या मायला बी मी हेच सांगितलं होतं."

"मायला? ती कुठं गेली होती?"

"गेली की. किनवटला. सकाळच्या पॅसेंजरनं गेली, सांजच्याला परत. मीच होतो त्या गाडीवर."

"काका, तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. माझी माय त्या लाईनवर कधीच गेली नाही."

"तू होतास काय गाडीवर?" ते म्हणाले. "मी म्हणलं, बाई, माझ्या डब्यात बसून चल. न्हाई म्हणली. तिकीट काढून आली. किनवटला उतरल्यावर मला तिकीट दाखवाया आली. म्हणलं, अगं मी टीसी न्हाई. तर म्हणली, काढलंय तर बघा की एकदा." ते हसायला लागले, खोकला येईपर्यंत हसले. मग म्हणाले, "लई जिद्दी बाई. येताना उजवीकडं बस म्हणलं, न्हाई ऐकली. ती बाजू सकाळी बघितली, म्हणली, ही बघायची राहिली की. सगळी वाट उन्हाकडं तोंड करून बसली."

नांदेडहून लातूरला परत येताना एसटीत मी सगळं आठवत होतो. पुस्तकाच्या त्या दिवसानंतर कधीतरी तू सीताफळं आणली होतीस, सागाच्या मोठ्या पानांत बांधून. मी पान चुरगाळलं तर हात लाल झाला आणि रक्त निघालं म्हणून मी ओरडलो, तू हसलीस. कुणी दिली म्हणून विचारलं तर म्हणालीस, "लाईनवरून आलीत." लाईनवरची माणसं नेहमीच काही ना काही आणायची, मी पुढं विचारलं नाही. त्या संध्याकाळी तुझा एक डोळा लालभडक होता. "कोळशाची कच गेलीय," म्हणालीस. मला वाटलं, शेगडीची. शेगडी तर तू जन्मभर पेटवलीस, माय, तुझ्या डोळ्यात कधी काही गेलं नाही. इंजिनाचा कोळसा डोळ्यात जातो तो खिडकीतून तोंड बाहेर काढणाऱ्या माणसाच्या. वीस ग्रॅमचा फरक पकडणाऱ्या मला हे पकडायला चाळीस वर्षं लागली.

दोन दिवस मी बेताच्या वहीला हात लावला नाही. खरं सांगायचं तर राग आला होता. तू किनवटला गेलीस याचा नव्हे. मला न नेता गेलीस याचा, आणि माझं इतक्या वर्षांचं वाक्य खोटं पाडलंस याचा. तिसऱ्या दिवशी तुझ्या सुनेनं विचारलं, "काय, किनवट रद्द झालं काय? मी तर समद्यांना सांगून बसलेय." तिला सगळं सांगितलं. पिठाचं, पुस्तकाचं, तिकिटाचं. ऐकून ती म्हणाली, "बरं झालं किनवटला गेल्या ते. तुमची वाट बघत बसल्या असत्या तर काय झालं असतं?" आणि थोड्या वेळानं, "आता तरी आपण फिरायला चाललोय म्हणा. त्यांचं राहिलेलं म्हणून नको."

तर बेत कायम आहे. तू गेलीस ती अरुंद रुळांची छोटी लाईन आता नाही, तिच्या जागी मोठी लाईन आहे, इंजिनाला कोळसा नाही. पण झाडी आणि नदी आपापल्या अंगालाच आहेत. एकच बदल केलाय. परतीच्या पानावर "उजवी" खोडून "डावी" लिहिलंय. मुलीनं बघितलं आणि म्हणाली, "बाबा, त्या बाजूला ऊन येतं म्हणून तुम्हीच लिहिलं होतं ना?" मी म्हणालो, "येऊ दे."

हे पत्र त्याच वहीत राहील. पाठवायला पत्ता नाही आणि असता तरी मी पाठवलं नसतं, कारण अजून एक गोष्ट लिहायची राहिलीय. लोकांना मी ऐटीत सांगतो की रेल्वेचं वेळापत्रक वाचायला मला कुणी शिकवावं लागलं नाही. ते खरं आहे, पण त्या दिवसानंतरचं. तू पुस्तक समोर ठेवलंस तेव्हा जायची गाडी मला लगेच सापडली. यायची सापडेना. नांदेडसमोर संध्याकाळचे पाच, खाली भोकरसमोर पावणेचार, त्याच्याही खाली किनवटसमोर एक. गाडी पुढं चाललीय आणि घड्याळ मागं, हे मला उलगडेना. परतीचा रकाना खालून वर वाचतात हे मला पुढं तीन आठवड्यांनी कळलं, एकट्याला, ते पुस्तक पिठाच्या डब्याखालून चोरून काढल्यावर. बुडापासून वाचायचं होतं, माय. तुला कुठं जायचंय, असं मला विचारायचं नव्हतं. मला एवढंच म्हणायचं होतं की हे मला येत नाही, आणि ते तोंडातून निघालं नाही.