बरणी पालथीच राहणार!

आदरणीय मामा,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (डोकं फक्त नमस्कारापुरतं ठेवलं आहे, नंतर मला परत लागणार आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? मामी अजून तुमच्याशी बोलतात ना? आमच्याकडे सगळे खुशाल, मी सोडून.

तुम्ही पाठवलेला वनस्पती तुपाचा डबा मिळाला. सोबतचा उपदेशही मिळाला, तो डब्याहून जड होता. पीनट बटरमध्ये यातले दोन चमचे घाल, तेल जन्मात वर येणार नाही, असं तुम्ही लिहिता. तुम्ही उभा जन्म हेच तूप विकलंत, तेव्हा तुमचं बरोबरच असणार. पण मी घालणार नाही. माझ्या बरणीवर शेंगदाणे आणि मीठ एवढंच छापलं आहे, आतही तेवढंच असेल. तेल वर येतं तर येऊ दे, असं मी ऐटीत म्हणाले खरी. पण कोपऱ्यावरच्या दुकानदाराने बजावलं, की महिनाअखेर झाकण उघडून बघणार, तेल तरंगताना दिसलं की तुमची फळी दुसऱ्याला. त्या एका फळीच्या भरवशावर मी नोकरी सोडली आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे (तुम्हीच तर गावभर केलंत).

मग मी हट्टाला पेटले. इतकं बारीक वाटलं की यंत्र तापलं, वाटण पातळ झालं, ते मी गरमागरमच भरलं आणि सकाळी बघते तर वर बोटभर तेल. पुढच्या खेपेला गार होईपर्यंत ढवळत बसले आणि बरण्या फ्रिजमध्ये कोंबल्या. तेल जागचं हललं नाही, पण चमचाही हलेना. (वाकलेला चमचा आमच्या ह्यांनी पुरावा म्हणून जपून ठेवला आहे.) शेवटी ठरवलं, वाटण बारीक करायचं, गार करूनच भरायचं आणि बरणी पालथी ठेवायची, म्हणजे तेल चढलं तरी बुडाकडे चढेल, झाकणाशी येणार नाही. लेबलंसुद्धा मुद्दाम उलटी चिकटवली, बरणी झाकणावर उभी राहिली की नाव सरळ!

दुकानदार पडला शिस्तीचा. पालथ्या बरण्या बघून त्याच्या जिवाची घालमेल होई. तो रोज सकाळी सगळ्या सरळ करी आणि मी रोज संध्याकाळी साबण घ्यायच्या निमित्ताने जाऊन पालथ्या करी. (आता आमच्याकडे नातवंडांना पुरेल एवढा साबण आहे, मुलांची लग्नं व्हायचीत.) दोघंही याबद्दल चकार शब्द काढत नव्हतो. महिनाअखेर त्याने झाकण उघडलं आणि मामा, तेलाचा टिपूस नाही! बिचारं तेल वर पोचतंय तोवर वरची बाजू खाली गेलेली असायची. फळी माझीच राहिली, तीही तुमच्या तुपाशिवाय. तुमचा डबा मात्र वाया गेलेला नाही, वाऱ्याने आपटणाऱ्या दाराला तो छान टेकण झाला आहे.

तुमची न ऐकणारी भाची

ता. क. : एक लहानशी अडचण आहे. दुकानदाराला आता माझं म्हणणं पटलं आहे. तो बरण्या स्वतःच पालथ्या ठेवतो आणि वर विचारतो, "ताई, बरोबर आहे ना?" या गोडीगुलाबीत बरणीला कोणी हात लावत नाही आणि काचेतून तेलाची रेघ दिसायला लागली आहे.

आणखी ता. क. : तुम्ही तर लोकांच्या भिंतींवरच्या तसबिरीसुद्धा सरळ करता. आठ दिवस राहायला या. रोज सकाळी दुकानात जाऊन भाचीचं कसं चुकतं ते सांगा आणि बरण्या सरळ करा, अगदी तत्त्व म्हणून. संध्याकाळी मी पालथ्या करीन, तत्त्व म्हणूनच. पण हे पत्र वाचून तुम्हालाही माझं पटलं असेल, तर कृपा करून येऊ नका.