तूप पाहिजे म्हणणारा टॅबलेट

कुरखेडा,
गुरुवार

वरोऱ्याचे मास्तर आणि माझे एकुलते एक मामेभाऊ धनराजभाऊ यांना भूपेशचा वाकून नमस्कार.

तिकडे मामीचे गुडघे आणि तुमची शाळा ठीक चालत असन, अशी आशा करतो. (माझं काहीच ठीक नाई, ते खाली येते.) लॅपटॉप असताना टॅबलेट घ्यावा काय, असं तुम्ही विचारलं. नका घेऊ, भाऊ. हे मोबाइलवरही कळवता आलं असतं, पण आता कोणत्याच यंत्रावर माझा विश्वास राह्यला नाई, म्हणून कागदावर लिहून राह्यलो. लाल पेन घेऊन बसू नका.

माझा लॅपटॉप जड आहे, बॅटरी मेलेली, वायर लावल्याशिवाय उठत नाई (तिथल्या सरासोबत भांडून मी कॉलेज सोडलं, तवापासून तोही रुसला). पण बिचारा मी जे टाइप करीन तेच लिहिते. तरी तेंदूच्या हंगामात जंगलात पानं तोडून, घाम गाळून मी टॅबलेट घेतला. हलका, कुठीही नेता येते, आणि आपण बोललेलं आपोआप लिहिते म्हणे. हे सारं पुनमसाठी. पुनम म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या धुरपताबाईची पोरगी. येत्या रविवारी तिले कोणी बाहेरगावचा पोरगा पाहायले येऊन राह्यला, हे कळलं आणि माझं डोकं फिरलं. लॅपटॉपवर प्रेम टाइप केलं तर रजेचा अर्ज वाटते. म्हणून तलावाच्या पाळीवर बसलो, छातीवर हात ठेवला आणि टॅबलेटले सांगितलं, ‘पुनम, मले तू पायजे.’ न वाचताच पाठवून दिलं.

त्यानं लिहिलं होतं, ‘पुनम, मला तूप पाहिजे.’

भाऊ, त्याले आपली मराठी येतच नाई! तिनं विचारलं, ‘किती?’ मी भडकून ओरडलो, ‘अबे, तूप नाई, तू!’ तर त्यानं लिहिलं, ‘अजून तूप नाही का?’ आणि रागात बोट लागून तेही गेलं.

दुसऱ्या दिवशी भर बाजारात धुरपताबाई डबा घेऊन हजर. ‘घे ना बापा, लाजतं कायले? पुनम म्हणे, पोरगा तुपासाठी तडफडून राह्यला.’ मागं पुनम तोंडाले ओढणी लावून हसत होती. मी काय म्हणू? ‘तूप नको, पोरगी द्या’? डबा घेतला. तवापासून आई सगळ्यायले वाढून राह्यली, आणि मी कोरडाच भात खाऊन राह्यलो.

तर टॅबलेट नकोच.

तुमचा जिवंतपणी मेलेला,
भूपेश

ता. क. पाकीट चिकटवत होतो, तवाच मामीचा फोन आला. टॅबलेट तुमच्यासाठी नाई म्हणे. रविवारी तुम्हाले कुरखेड्याले जी पोरगी पाहायची आहे, तिच्यासाठी. तिच्याजवळ लॅपटॉप आहे, म्हणून विचारलं म्हणे. मी नाव विचारलं. मामीनं सांगितलं. मग मी फोनच ठेवला. भाऊ, हात जोडतो. येऊच नका. आलेच तर पोहे खा, चहा प्या, आणि पोरगी पसंत नाई म्हणा. (पत्र कंडक्टरच्या हाती देऊन राह्यलो, डाकेचा भरवसा नाई.)

ता. क. दुसरा. टॅबलेट तर बिलकुल आणू नका. पोरायले शिकवून शिकवून तुम्ही ‘मला’ आणि ‘पाहिजे’ म्हणायले लागले. तुमचं तो बरोबर लिहीन.