घर क्रमांक १२ ही भिंत असल्याबाबत

प्रति,
मा. विक्रीयादी अधिकारी साहेब,
घरयादी कचेरी, पेठ सावरटोला,
जिल्हा चांदा.

विषय : लागून असलेली दोन घरे दोनच धरून मधली भिंत घरांच्या यादीतून कमी करणेबाबत. (अति तातडीचे. भिंत कलली आहे.)

संदर्भ : १) आपली विक्रीच्या घरांची यादी. २) अर्जदाराचे याआधीचे दोन अर्ज. ३) त्यांवर आपण केलेल्या दोन दुरुस्त्या, ज्यांमुळे हा तिसरा अर्ज करावा लागला.

महोदय,

अर्जदार मुखरू वल्द वारलू निकुरे, धंदा धानाची शेती, याचे सविनय म्हणणे येणेप्रमाणे :

१. अर्जदार व त्याचा शेजारी इसरू गुरनुले यांनी बारा वर्षांमागे लागून लागून घरे बांधली. माती, बांबू आणि अंगमेहनत वाचावी म्हणून मधली भिंत एकच घातली. दोन्ही छपरे तिच्यावरच टेकली आहेत. भिंतीत चुलीजवळ एक भोक आहे. एका घरची चूल विझली की दुसऱ्या घरचा विस्तव त्यातून येतो. रिवाज असा की, भोकातून आलेली वस्तू रिकामी परत पाठवायची नाही. आजवर कोणी पाठवली नाही.

२. इसरू पन्नाशीला आला असून चिमूरला घरजावई म्हणून जात आहे. सासऱ्याचाच आग्रह आहे. म्हणून त्याने आपले घर विक्रीच्या यादीत घातले. मोजणीला आलेले आपले कारकून आधी चुकून अर्जदाराच्या घरात शिरले आणि त्यांनी टेपाचे टोक त्या भोकात घातले. पलीकडे इसरूची बायको शकुबाई होती. शेजारून काही आले म्हणून तिने ते घेतले, उजेडात नीट दिसावे म्हणून पुढच्या दारापर्यंत नेले, त्याला मोहफुलांची पुडी बांधली आणि मग सोडले. तोवर अलीकडे कारकुनांनी आकडा वाचला होता : बहात्तर फूट. यादीत नोंद झाली : "घर एक, प्रशस्त, चुली दोन." पुडी कारकुनांनी नेली, ती नोंदीत नाही.

३. यादी बाजाराच्या दिवशी लागली. दुसऱ्या दिवशी मूल गावचे सेवानिवृत्त मास्तर नानाजी बुरडकर घर पाहण्यास आले. अर्जदाराच्या खाटेवर लवंडून, खाट आपल्या मापाची आहे अशी खात्री करून, त्यांनी अर्जदाराच्या बायकोस, मनकर्णाबाईस, विचारले, "बाई, तुमी घरासंग हाव का अलग?"

मनकर्णाबाई तांदूळ पाखडता पाखडता म्हणाल्या, "मी घरासंग हाओ, मास्तर. हा नवरा अलग हाय. पायजे तं गाडीत घाला."

सदर उत्तरास अर्जदाराची संमती नव्हती.

४. राहते घर हातचे जाणार म्हणून अर्जदाराने पहिला अर्ज केला की, हे एक घर नसून जोडघर आहे. आपल्या छापील तक्त्यात रकाने तीनच : स्वतंत्र घर, पडीक घर, गोठा. जोडघराला रकाना नाही. कारकुनांनी बराच विचार करून "गोठा" लिहिले. त्याच आठवड्यात जनावरांचे कंपाउंडर येऊन अर्जदाराची जीभ पाहून गेले. त्यांचा शेरा : "नर एक, खोकतो. मादी एक, हुंदडते." मनकर्णाबाई तेव्हापासून अर्जदाराशी बोलत नाहीत, फक्त हाकलतात.

५. दुसऱ्या अर्जात अर्जदाराने लहान मुलालाही कळेल असे लिहिले की, घरे दोन आहेत, दोन्ही वेगळी आहेत आणि भिंत सामायिक आहे. यावर आपण तीन नोंदी केल्या. घर क्र. ११, इसरू. घर क्र. १३, अर्जदार. घर क्र. १२, भिंत. तिचे वर्णन : "लांबी चौदा हात, रुंदी एक वीत, शेजार दोन्हीकडे चांगला, हवा येण्यास भोक." आणि विक्रीचा शिक्का जो इसरूच्या घरावर पडायचा, तो एक ओळ खाली सरकून भिंतीवर पडला.

६. भिंत नानाजी मास्तरांनी घेतली.

७. काल सकाळी ते वळकटी घेऊन ताबा घेण्यास आले. अर्जदाराने हात जोडून सांगितले, "मास्तर, भित्त म्हन्जे घर नाई हो." मास्तरांनी शिक्क्याचा कागद दाखवला. "तू सरकारापेक्षा शहाना हायेस का? काऊन भांडून राह्यला?" असे म्हणून ते शिडी लावून भिंतीच्या माथ्यावर चढले, पाय दोन घरांत सोडून बसले आणि आढ्याला स्वतःस धोतराने बांधून घेते झाले. खाली उतरल्यास ताबा सुटेल अशी त्यांना भीती आहे. डावीकडून मनकर्णाबाई आणि उजवीकडून शकुबाई त्यांना जेवण देतात. कोणाचे वरण बरे, हे मास्तर मोठ्याने सांगतात. त्यामुळे दोन घरांत आज प्रथमच तेढ आली आहे.

८. मास्तरांचे वजन भरपूर असून भिंत मातीची आहे. ती आज दुपारपासून कलू लागली. भिंत पडली की दोन्ही छपरे येतील, आणि मग आपल्या तक्त्यातला "पडीक घर" हा रकाना तेवढा बरोबर भरेल.

तरी साहेबांस विनंती की, तक्त्यात "जोडघर" असा चौथा रकाना आखावा. त्यात घरे दोन मोजावी, भिंत कोणत्याच घरात मोजू नये व एकटी विकू नये. आणि इसरूचे खरे घर मास्तरांच्या नावे लावून त्यांना कागदोपत्री खाली उतरवावे. शिडीने उतरण्यास ते तयार नाहीत. भिंत ज्या बाजूला पडेल त्या घरी मास्तर मुक्कामास, असे दोन्ही बायांचे बोलणे झाले आहे. म्हणून सध्या मनकर्णाबाई इकडून आणि शकुबाई तिकडून भिंत रेटत आहेत. शकुबाईंचा जोर जास्त आहे. अर्जदाराचाही एक खांदा भिंतीला असून अर्ज उरलेल्या हाताने लिहिला आहे. अक्षराबद्दल क्षमा असावी आणि निकाल लवकर असावा.

भिंतीला टेकलेला, आपला नम्र,
मुखरू वल्द वारलू निकुरे
घर क्र. १३ (गोठा नव्हे)
दि. १८ एप्रिल १९५८

सोबत :
१) घर क्र. १२ चा नकाशा (रेघ एक).
२) मनकर्णाबाईंचे निवेदन (तोंडी, साहेब समक्ष आल्यास ऐकवतील).
३) भिंतीची पडलेली माती, पुडी एक. अर्ज पुरा होईतो, पुड्या तीन.