भाग संपल्यावरचा चहा

प्रिय बेगिमाय,

लोक मालिका अर्धवट का सोडतात, एकट्या माणसांना आमच्या कंपनीच्या अ‍ॅपवर करमावं म्हणून काय करू, असं तू फोनवर विचारलंस. मी तोंड उघडलं तर म्हणालीस, आई, थोडक्यात सांग, मीटिंग आहे. माझ्याच्यानं थोडक्यात होत नाही, म्हणून लिहिते. अक्षर असलंच आहे, चालवून घे.

तुझ्या साहेबांना वाटतं, आपल्या कोचकोर गावची माणसं एका भागाच्या वर बसतच नाहीत, म्हणून गोष्टींचे तुकडे करायचे. अगं, कोण म्हणतं बसत नाहीत? दर शनिवारी आपल्या घरी बायका नमद्याचे शिर्दाक गालिचे शिवायला जमतात. हातात सुई, डोळे पडद्यावर. भाग संपतो आणि मी चहा ओतायच्या आत तुमचा पुढचा भाग आपोआप सुरू! कोण मागे लागलंय तुमच्या? मी सरळ वायरच काढते. मग चहा, तळलेले गरम बोरसोक आणि आम्ही. गुलसाय म्हणते, मालिकेतल्या त्या सुनेनं घर सोडलं ते बरं केलं. बुरुल काकी म्हणते, तुला बोलायला काय जातंय, तुझी सून तुझी भांडी घासते ना अजून! नवरा गेल्यापासून ही काकी कुणाला दारसुद्धा उघडत नव्हती. आता कुणाचा शनिवार चुकला की मागची गोष्ट तीच सांगते, आणि मालिकेत नसलेली दोन लग्नं पदरची घालते. झकास चाललंय आमचं. तेव्हा साहेबांना सांग, तुकडे नकोत, मध्ये बोलायला जागा सोडा. पुढचं बटण आम्ही दाबू, हात आहेत आम्हाला.

आता खरं लिहिते. आम्ही तुझ्याच खात्यावरून बघतो, तिथे तू काय बघतेस तेही दिसतं. एक सिनेमा पुरा नाही. हा उघडला, सोडला, तो उघडला, सोडला, रोज झोप येईपर्यंत. तू लोकांचं विचारत नव्हतीस, पोरी. मला मेलीला उशिरा कळलं. या शनिवारी बिश्केकमध्ये तूही आमच्याबरोबर तोच भाग लाव आणि संपला की फोन कर. सगळ्या बोलतील, तूही बोल, पटलं नाही तर भांड. तुला भांडताना ऐकून मला किती दिवस झाले.

तुझीच आई,
जुमाग्युल