इगतपुरीच्या थंडीसाठी ऑइल

कशेळीचे हिरामण भाऊजी यांस दापोड्याहून आपला मेहुणा तुळशीराम याचा वाकून नमस्कार (उजवा गुडघा जेवढा वाकू देतो तेवढा).

आमच्याकडे सगळे बरे आहेत. आपली शुगर कशी आहे, आमच्या कमळाची कंबर काय म्हणते? फोनच करणार होतो, पण फोनवर आपण मला वाक्य पुरं करू देत नाही, मधेच "बघू" म्हणून ठेवून देता. कागदाच्या मधे तोंड घालता येत नाही, म्हणून कागद.

निशाला मांडवात आणायला आपण दोन घोड्यांची बग्गी ठरवताय असं कानावर आलं. भाऊजी, लग्नात भटजी माइकवरून "मामा, मुलीला घेऊन या" असं पुकारतात. "बग्गीवाले, मुलीला घेऊन या" असं पुकारलेलं मी या वयापर्यंत ऐकलेलं नाही. आणि पोरीनं शाळेत असतानाच सांगून ठेवलंय की माझ्या लग्नात मी मामाच्या गाडीवरून येणार. आमच्या शेतावर गोडाऊन उभं राहिलं, बैल गेले, विहीर बुजली, राहिली ती ही काळी मोटारसायकल. हिच्याच टाकीवर बसून निशा बालवाडीत गेली. आपलं म्हणणं असं की म्हाताऱ्याचा खटारा इगतपुरीच्या थंडीत सकाळी सुरू व्हायचा नाही आणि नवरदेवाकडच्यांसमोर आपली शोभा होईल. (लग्न इगतपुरीच्या रिसॉर्टवर काढलं कोणी? आपणच. आपल्या वाडवडिलांची लग्नं खाडीच्या काठाला झाली, कोणाला स्वेटर लागला नाही.) तर कळविण्यास आनंद होतो की गाडी सुरू होते. मी स्वतः जाऊन बघून आलो, एकदा नव्हे, दोनदा.

पहिल्या खेपेचं आधी सांगतो. भिवंडीच्या माणसाला थंडी ही फक्त ऐकून माहीत. म्हणून मी डोकं चालवलं. थंडी वाढली की माणूस काय करतो? जाड गोधडी काढतो. मग इंजिनालाही जाडच ऑइल पाहिजे, सरळ हिशेब आहे. आमचा नारपोलीचा मेकॅनिक प्रितम म्हणाला, काका, उलटं आहे, थंडीला पातळ टाका. मी म्हटलं, तुझा जन्म लूमच्या गरमीत गेला, तू थंडी बघितलीस कधी? (मीही नव्हती बघितली, पण वयाला काही मान असतो की नाही?) मग आमच्याच गोडाऊनवरच्या ट्रकवाल्यांकडून सगळ्यांत जाड ऑइल आणलं. काकवीसारखं. डबा उलटा केला तरी बाहेर यायला तयार नाही. ते माझ्या देखरेखीखाली भरून घेतलं आणि वर प्रितमला दोन शब्द सुनावले.

बरोबर पुतळाबाई होती. आपल्या घरचं कुठलंही लग्न तिनं धवले गाऊन देवांना बोलावल्याशिवाय लागत नाही, पण एसीच्या हॉलात धवले गायचा प्रसंग तिच्यावर पहिलाच. "बंद दारानं देव येतीन का, त्या मना पयलं बघूं दे," म्हणून अडूनच बसली. आणली मागे बसवून. कसारा घाट गाडी अशी चढली की मी वाटभर माझ्याच ऑइलची तारीफ करत होतो (पुतळाबाई शालीत कान झाकून बसलेली, तिला ऐकू गेली नसावी). रिसॉर्टवाल्यांनी मुलीचा मामा म्हणून चांगली सरबराई केली. रात्री शेकोटीपाशी बसलेल्या दोघा-चौघांनाही मी गाडीचा इतिहास सांगितला.

सकाळी दव पडलेलं. मी किकवर पाय ठेवला, जोर दिला, मग सगळं वजन घालून किकवर उभा राहिलो. भाऊजी, किक खालीच जाईना. मी ओट्यावर उभा राहावं तसा तिच्यावर उभा, आणि समोर रिसॉर्टचे आचारी चहा घेऊन बघताहेत. गुडघ्यात कळ आली ती तेव्हा. पुतळाबाई मागे बसूनच म्हणाली, "गोधरीत घातलास त ती निजलीच ना रं. उठंल कशाला?" मग पिशवीतली हळद काढून तिनं गाडीच्या दिव्याला लावली आणि धवला धरला. देव आले असतील, पण किक हलली नाही. शेवटी उतार बघून गाडी ढकलायची ठरली. पुतळाबाई काही उतरेना. चार आचारी लावून तिच्यासकट गाडी उतारावर सोडली, ती फाटकाशी जाऊन धडधडली. मग मी ती दापोड्यापर्यंत बंद केली नाही. कसाऱ्याला पुतळाबाईनं चहा गाडीवर बसूनच घेतला आणि मला जे काही बोलली ते इथे लिहीत नाही.

परत आल्यावर प्रितमनं डबा दाखवून समजावलं. डब्यावर दोन आकडे असतात. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा. तो जितका लहान, तितकं ऑइल गारठ्यातही पातळ राहतं आणि किक मारल्याबरोबर इंजिनात पोचतं. आमच्या गाडीला दहा-डब्ल्यू-तीस चालतं. आणि ते मोटारसायकलचंच घ्यायचं, कारण हिचा क्लचही त्याच ऑइलात बुडालेला. मी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि माझंही मत साधारण हेच होतं असं त्याला सांगितलं.

मग दुसरी खेप, गेल्या शनिवारी-रविवारी. पुतळाबाईनं हात जोडले, आली नाही. त्या दिवशी गारठा असा की तोंडातून शब्दाआधी वाफ. तेच अंगण, तेच आचारी. आणि गाडी पहिल्या किकला सुरू झाली. पहिल्या! आचाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, खोल्यांतले पाहुणे गॅलरीत आले. माझी छाती अशी फुगली की जॅकेटची चेन मधेच अडकली. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते थंडीचं नव्हतं.

तेव्हा बग्गीवाल्याला नाही म्हणून कळवावं. कमळाला आशीर्वाद. घोड्यांवर माझा काही राग नाही.

आपला,
तुळशीराम

ता. क. वर पहिल्या किकला लिहिलं ते अगदी खरं. फक्त किक माझी नव्हती. डॉक्टरांनी गुडघा बघून मला किक मारायला बंदी केली आहे. किक निशानं मारली. शनिवारी ती ब्लाऊजच्या फिटिंगला मैत्रिणीकडे ठाण्याला गेली, रविवारी आली, असं आपल्याला सांगितलं होतं ना? ती ठाण्याला नव्हती. कमळाला सगळं माहीत होतं, म्हणून तिच्यावर आवाज चढवू नये.

आणखी एक ता. क. या खेपेला कसारा घाटात गाडीही तिनंच चढवली. लायसन आहे, हात माझ्याहून साफ आहे, शिकवली कोणी हे लिहायला नको. शालू नेसून किक मारायची तालीम आमच्या अंगणात झाली, तीही पहिल्याच किकला. आपल्या पोरीला नवरदेवाकडच्यांना असं येताना एकदा बघू दे, भाऊजी, मग शोभा कोणाची होते ते आपण बघू. लहानपणी ती टाकी धरून बसायची, तसा मी मागे घट्ट धरून बसेन. आपण एवढंच करायचं. भटजींना आधीच सांगून ठेवायचं, माइकवर "निशा, मामाला घेऊन ये" असं पुकारा म्हणून.