रिकामा दूत

आई, परवा आपल्या देवळातला दूत उतरवला. कुणाचा बाप्तिस्मा नव्हता. छताला वाळवी लागली आहे, तुळया बदलायच्या आहेत, तोवर दूत खाली हवा, असा नव्या पाळकसाहेबांचा फोन आला. दोर सोडायची रीत तुमच्याच घरात कुणाला माहीत असेल, म्हणाले. घरात म्हणजे मी. हे गेल्यापासून नाशिक रोडच्या फ्लॅटमध्ये मी एकटीच असते. कुणीतरी आठवण काढली याचाच आधी आनंद झाला आणि मग लक्षात आलं, दूत रिकामा उतरवायचा होता.

शनिवारी दुपारी आपण दोघी देऊळ झाडायला जायचो. बाहेरून ते शाळेसारखं साधं, चुना लावलेलं. आत पाऊल टाकलं की डोळे दिपायचे. कुणा गोऱ्या पाद्र्याला आपल्या गावच्या देवळाची आठवण सुटेना, म्हणून त्याने इथे तसंच्या तसं उभं केलं म्हणे. तीन बाजूंनी लाकडी माडी, वेदीच्या थेट डोक्यावर व्यासपीठ, त्यावर सोनेरी कडांची छत्री, छतावर रंगवलेले गुबगुबीत ढग, सागाच्या खांबांना संगमरवराचा रंग. कारागीर मात्र इथलेच. वेदीवर कोरलेले द्राक्षांचे घोस त्यांच्या हातून सीताफळांसारखे झाले. आता द्राक्षांच्या बागा देवळाच्या भिंतीला येऊन भिडल्यात, तरी वेदीवर सीताफळंच आहेत. आणि मधोमध, ढगांखाली, दोराने टांगलेला तो लाकडी दूत. हातात पितळी वाटी, पाठीला पंख, आणि झग्याला मागून चक्क कासोटा! बाळाचा बाप्तिस्मा असला की तू माडीवरून दोर सोडतेस, दूत हळूहळू खाली येतो आणि बाळाच्या आईसमोर वाटी धरून थांबतो. मंडळी गाणं विसरून वर बघत राहते.

एकदा मी म्हटलं, "पुसायला तरी उतरव ना गं." तू हातातला फडका माझ्या पाठीत मारलास. "रिकामा पाळणा हलवत नाय, तसा रिकामा दूत उतरवत नाय. कळलं का?" तेव्हाचे पाळकसाहेब हसले, "बाई, ही अंधश्रद्धा झाली." तू "व्हय साहेब" म्हणालीस आणि नेहमीसारखा बांबूला फडका बांधून दूत खालूनच पुसलास. त्यांचं ऐकायचीस सगळं, करायचीस मात्र स्वतःचंच. आपल्या आळीत नव्या जोडप्याला पाळणा कधी हलणार असं कुणी विचारलंच नाही. विचारायचे, "मग, दूत कधी उतरतोय?"

माझ्या लग्नानंतर तूही विचारायला लागलीस. मी माहेरी आले की तू पाट्यावर मिरची वाटतेस आणि मान वर न करता म्हणतेस, "या नाताळाला उतरवू का दूत?" दर खेपेला तेच. एकदा मी वैतागून बोलले, "आम्हाला मूल नकोच आहे. आमचं ठरलंय." तुझा वरवंटा थांबला. "बरं," म्हणालीस आणि पुन्हा वाटायला लागलीस. आमचं काहीही ठरलेलं नव्हतं. होत नव्हतं, एवढंच. त्यानंतर तू गेलीस तोवर एकदाही विचारलं नाहीस. तुझ्या विचारण्याचा मला राग यायचा, पण तू विचारणं सोडलंस तेव्हा जितकं एकटं वाटलं तितकं हे गेल्यावरही वाटलं नाही.

परवा निघताना ओट्याखालून तुझा वरवंटा काढला, धुतला आणि तुझ्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून घेतला. बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात ठेवतात तसा. बसमध्ये मांडीवर घेऊन बसले, तर शेजारची बाई सरकून म्हणाली, "नीट बसा मावशी, बाळाला लागंल." मी लुगड्याचा तुकडा वरून सारखा केला.

पाळकसाहेब म्हणजे तिशीचा पोरगा. त्याने विचारलंच, "मावशी, हे काय?" म्हटलं, "रिकामा उतरवत नाहीत आमच्यात." तो तुझ्या पाळकांसारखा हसला नाही. सरळ माडीवर गेला. मी खालून ओरडत होते, "हात बदलत सोडा, हिसका नको." दूत उतरला. बाळाची आई उभी राहते तिथे मी उभी होते, वरवंटा छातीशी धरून. वाटीत कोळ्याचं जाळं होतं, ते पदराने पुसलं. जवळून पाहिला तर दूत अगदीच आपल्यातला वाटला, नाकाने जरा बसका.

पोरगा खाली आला. माझा चेहरा बघून जरा थट्टेने म्हणाला, "मग, नाव काय ठेवायचं?"

आणि आई, माझ्या तोंडून नाव गेलं. विचार नाही, अडखळणं नाही. मुलीचं नाव. त्या रिकाम्या देवळात ते मोठ्याने ऐकू आलं. तो "छान आहे" म्हणाला आणि उगाच दोर गुंडाळत बसला.

दूत आता चादरीत गुंडाळून वेदीमागे ठेवलाय. वरवंटा परत ओट्याखाली. हे कागद कुठे टाकायचे? तुझ्या कबरीवर ठेवले तर वारा नेईल. राहू देत उशीखाली. नाव इथेही लिहीत नाही. तुझं नाव नव्हतं ते, रागावू नकोस. पण तू पाट्यावर बसून विचारायचीस ना, तेव्हाही ते माझ्यापाशी होतं. तू अजून एकदा विचारलं असतंस, तर सांगितलं असतं गं.